हसवणाऱ्यांचं यजमानपण

पूर्वी विनोद वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत असायचा. आता तो पहिल्या पानावर येतो आणि बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीशेजारी! २०२५ सालचे पहिले तीन महिनेच आठवून पाहा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोलापुरात प्रणित मोरे या आपल्या मराठी विनोदवीराला कार्यक्रम संपल्यावर मारहाण झाली. चाहते म्हणून फोटो काढायला थांबलेल्या टोळक्यानेच त्याच्यावर हात उचलला. कारण काय, तर एका नव्या हिंदी नटावर त्याने केलेले विनोद. त्या नटाने ‘माझा या प्रकाराशी काही संबंध नाही’ असं सांगून निषेध केला, पण मार खायचा तो खाऊन झाला होता.

त्याच महिन्यात ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमातल्या आईवडिलांविषयीच्या एका अश्लील प्रश्नावरून देशभर गदारोळ उठला. मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत तक्रारी झाल्या, कार्यक्रमाचे सगळे भाग काढून टाकावे लागले. त्याचा धसका इतका, की ‘भाडिपा’ या मराठी मुलांच्या मंडळींनी सई ताम्हणकर पाहुणी असलेला ‘अतिशय निर्लज्ज कांदेपोहे’ हा व्हॅलेंटाइन डेचा कार्यक्रम पुढे ढकलला. आणि मग २३ मार्च. कुणाल कामरा यांनी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर केलेलं विडंबन इंटरनेटवर आलं आणि त्याच रात्री मुंबईत खारच्या ‘द हॅबिटॅट’मध्ये खुर्च्या, दिवे, सामान फोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथकही हातोडे घेऊन तिथे पोचलं. कामरा यांच्याविरुद्ध ज्या तक्रारी खार पोलिसांकडे गेल्या, त्यांतली एक जळगावची होती आणि दोन आपल्या नाशिकच्या माणसांच्या होत्या. म्हणजे हे प्रकरण वाटतं तितकं लांबचं नाही.

या सगळ्या बातम्यांवर घरोघरी चर्चा झाली. कोण बरोबर, कोण चूक, कोणाची जीभ सैल, कोणाचा हात सैल. माझं लक्ष मात्र एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. ‘लेटेंट’चं चित्रीकरण खारच्या याच जागेत व्हायचं. कामरा यांचा कार्यक्रम याच जागेत झाला. त्याआधी जुलै २०२० मध्ये अग्रिमा जोशुआ या तरुणीच्या एका जुन्या विनोदावरून जी तोडफोड झाली, तीही याच जागेची! बोलणारी माणसं तीन, विषय तीन, रागावलेले लोकही वेगवेगळे. फुटल्या त्या मात्र एकाच घराच्या काचा. ज्याने मंच दिला, माइक दिला, चार खुर्च्या मांडल्या, त्या यजमानाच्या. अखेर मार्च २०२५ मध्ये त्या लोकांनी काही काळ दारं बंद ठेवण्याचं जाहीर केलं.

मैत्रिणींनो, यजमानपण ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पाहुण्यांमध्ये कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, जेवताना विषय भलतीकडे जायला लागला की वाढायला कधी उठायचं, हे सगळं आपण वर्षानुवर्षं करत आलोय. तरीही स्टँडअप कॉमेडीच्या कार्यक्रमाचं यजमानपण, म्हणजे ज्याला ही मुलं ‘होस्टिंग’ म्हणतात, ते मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं. त्याला निमित्त झालं ८ मार्च २०२५ च्या महिला दिनाचं.

सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत आम्ही काही जणी गेली बरीच वर्षं महिलांचे प्रश्न घेऊन काम करतो. दरवर्षी महिला दिनाला एक भाषण, दोन सत्कार आणि शेवटी बटाटेवडा असा आमचा ठरलेला कार्यक्रम. भाषण सुरू झालं की मागच्या रांगेतल्या बायका घड्याळाकडे बघायला लागतात, हे आम्हालाही दिसत होतं. तेव्हा आमच्यातल्या एकीच्या इंजिनीअरिंगला असलेल्या लेकीने सुचवलं, ‘काकू, यंदा बायकांचा ओपन माइक करा ना! ज्यांना बोलायचंय त्यांना पाच-पाच मिनिटं द्या. होस्ट तुम्ही करा.’

मी सूत्रसंचालन पुष्कळ केलंय. हातात फाइल, फाइलीत पाहुण्यांचा परिचय, मधे मधे एखादी चारोळी, ‘मी त्यांना विनंती करते की त्यांनी दीपप्रज्वलन करावं’ वगैरे. तेच इथे करायचं, अशी माझी समजूत. ती पोरगी मला कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत घेऊन गेली. तिथे आठवड्यातून एकदा मुलं-मुली जमून विनोद सांगतात. चाळीसेक खुर्च्या, भिंतीला टेकलेला एक स्पीकर, एक माइक. तिथला होस्ट बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याच्याकडून आणि नंतरच्या दोन-तीन संध्याकाळींतून मी जे शिकले, ते मुद्दाम सविस्तर लिहिते. कारण गावोगावच्या महिला मंडळांना, भिशीच्या गटांना हा कार्यक्रम करता येण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट खुर्च्यांची. आपल्याकडे पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव, म्हणून बहुधा रिकामी. हसण्याच्या कार्यक्रमात पहिली रांग आधी भरायची आणि लोकांना दाटीवाटीने बसवायचं. हसणं शेजाऱ्याकडून लागतं. दोन खुर्च्या रिकाम्या सोडून बसलेली बाई एकटी मोठ्याने हसत नाही. मोठ्या हॉलमध्ये तीस माणसं विखुरली की चांगला विनोदही पडतो, आणि तीच तीस माणसं छोट्या खोलीत बसली की छप्पर उडतं. आम्ही म्हणूनच मोठा हॉल सोडून छोटं सभागृह घेतलं.

दुसरी गोष्ट पहिल्या पाच मिनिटांची. ती होस्टची. लोक घरातून निघताना दुधाचं पातेलं, सासूबाईंची गोळी, मुलाचा क्लास डोक्यात घेऊन आलेले असतात. त्यांना या खोलीत आणायचं काम होस्टचं. त्यासाठी समोरच्यांशी बोलायचं, कुठून आलात, काय करता. पण चेष्टा करायची ती बेताने, कारण पहिल्या बाईला दुखावलं की बाकीच्या सगळ्या पदर सावरून बसतात. त्या मुलाचा एक नियम मला फार पटला. लोकांना बोलतं करायचं तर आधी विनोद स्वतःवर करायचा. मी माझ्या गुडघ्यांपासून सुरुवात केली.

तिसरी गोष्ट क्रमाची. सर्वात जमणारी व्यक्ती शेवटी, तिच्या खालोखालची पहिली, आणि पहिल्यांदाच माइक हातात धरणाऱ्या मधे. म्हणजे नवखीच्या आधी खोली तापलेली असते आणि तिचं नाही जमलं तर पुढची सावरून घेते. प्रत्येकीचं नाव नीट विचारून, बरोबर उच्चारून पुकारायचं. ती येईपर्यंत टाळ्या थांबू द्यायच्या नाहीत. वेळ संपायला एक मिनिट उरलं की मागून दिवा दाखवायचा. एखादीचं साफ पडलं, तर ती खाली उतरल्यावर तिच्यावर विनोद करायचा नाही, टाळ्या वाजवून घ्यायच्या आणि पुढचीला बोलवायचं. आणि सर्वात अवघड म्हणजे मधे मधे स्वतः फार बोलायचं नाही. आपण चमकायला नाही, दुसऱ्याला चमकू द्यायला उभे आहोत. सून म्हणून नांदलेल्या बाईला हे लवकर कळतं, असं मी त्या मुलाला म्हटलं. तो म्हणाला, ‘काकू, हा विनोद तुमच्या पाच मिनिटांत घ्या!’

आता कोणी म्हणेल, बायकांना हे नवीनच खूळ. मला तसं वाटत नाही. मंगळागौरीला रात्रभर जागून आपल्या आज्या काय करत होत्या? सासू-सुनेचे, नणंदा-भावजयांचे, व्याही-विहिणींचे झगडे गाण्यातून रंगवून हसतच होत्या. जात्यावरच्या ओवीत टोमणा होता, उखाण्यात खोडी होती. संत एकनाथांच्या भारुडात तर संसाराला कंटाळलेली बाई स्वतःच बोलते. फरक एवढाच, की हे सगळं बायकांचं बायकांत चालायचं. चौकात, दिव्याच्या उजेडात विनोद करण्याचा मान तमाशातल्या सोंगाड्याचा. पुढे मंचावर एकट्याने हसवण्याची आपली थोर परंपराही मुख्यतः पुरुषांची झाली. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली, लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रं रंगवली. दोन्ही आपण पोट धरधरून पाहिली. त्या पात्रांत बायका पुष्कळ होत्या, बोलणारा आवाज पुरुषाचा होता.

दूरचित्रवाणीवरही तेच. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि आदेश बांदेकर भावोजी होऊन घराघरांत शिरले. वहिनींना त्यांनी बोलतं केलं, पैठणी नेसवली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण प्रश्न विचारणारे भावोजी आणि उत्तर देणाऱ्या वहिनी, हा क्रम ठरलेला होता. २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चं सूत्रसंचालन प्राजक्ता माळी करतात आणि विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांच्यासारख्या अभिनेत्रींनी त्यात स्वतःच्या जिवावर हशे वसूल केले, हा मोठाच बदल म्हणायचा. तरी तिथे संहिता असते, संकलन असतं, नको ते कापता येतं. ओपन माइकवर बाई एकटी उभी राहते आणि स्वतःचंच बोलते.

आणि ती बोलली, की शिक्षाही तिला निराळी मिळते. पुरुष विनोदवीराला नोटीस येते, मार बसतो. बाईला त्यावर आणखी काहीतरी मिळतं. अग्रिमा जोशुआने अरबी समुद्रातल्या नियोजित शिवस्मारकाबद्दल लोक इंटरनेटवर काय काय लिहितात यावर विनोद केला होता. शिवराय आपल्या सर्वांचं दैवत. तो विनोद अनेकांना लागला, तिने माफीही मागितली. पण तिला उत्तर काय मिळालं, तर बलात्काराची धमकी. एका इसमाने तर तसा व्हिडिओच करून टाकला आणि त्याला बडोद्यात अटक करावी लागली. ज्या राजाने परस्त्रीला मातेसमान मानलं, त्याच्या नावाने ही भाषा! २०२५ मध्ये ‘लेटेंट’च्या वादात अपूर्वा मुखीजा या पाहुणी म्हणून बसलेल्या मुलीलाही बलात्काराच्या, ॲसिड टाकण्याच्या धमक्या आल्या. तो वादग्रस्त प्रश्न विचारणारा ती नव्हती, एक पुरुष होता.

म्हणून आमच्या आठ जणींची नावं नक्की झाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. ‘लेटेंट’चं प्रकरण ताजं होतं. सभागृहाच्या कार्यालयातून सांगण्यात आलं, ‘कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत, असं लेखी हमीपत्र द्या.’ भावनांची हमी तर मी माझ्या घरातल्या चार माणसांचीही देऊ शकत नाही! आमच्यातल्या दोघींनी या कामातून अंग काढून घेतलं. त्यांच्यावर मी रागावले नाही. ‘काही झालं तर पोलीस ठाण्यात कोण जाणार? घरी काय सांगायचं?’ हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. भीती अशीच काम करते. बंदी कोणी घातलेली नसते, कायदा कोणी दाखवत नाही. हॉल मिळत नाही, कोणी नाव देत नाही आणि कार्यक्रम आपोआप होत नाही.

आम्ही हमीपत्र दिलं, पण ते आमच्या शब्दांत. कार्यक्रम वेळेत संपेल, आवाज मर्यादेत राहील, लहान मुलांना प्रवेश नाही, शिवीगाळ होणार नाही, काही तक्रार आलीच तर ती आयोजक म्हणून आम्ही ऐकून घेऊ, आणि खाली तीन सह्या. वागण्याची हमी देता येते, दुसऱ्याच्या मनाची नाही, हे त्यांनाही पटलं.

मग प्रश्न आला, बायका काय बोलणार ते आधी तपासायचं का? आपल्याकडे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. पण पाच मिनिटांच्या बोलण्याची संहिता कुठे असते? समोरच्या बाईने मधेच ‘अगं माझंही तस्संच!’ म्हटलं की ती बदलते. आम्ही कोणाचंही लिखाण मागितलं नाही. प्रत्येकीला एकच विचारलं, ‘हा विनोद कोणावर आहे?’ एकीने शेजाऱ्याच्या तोतरेपणाची नक्कल बसवली होती. प्रश्न ऐकल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘त्याच्यावर नाही हो करायचा मला. तो वर्गणी बुडवतो त्याच्यावर करायचाय.’ तोतरेपणा गेला, बुडवलेली वर्गणी राहिली आणि हशा दुप्पट झाला.

याच मुद्द्यावर पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगांची खिल्ली उडवल्याबद्दल समय रैना आणि इतर काही विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगितली. नंतर त्यांनी अपंगांसाठी कार्यक्रम करून उपचारांचा निधी उभा करावा, असंही सुचवलं. माफी कोर्टाने मागायला लावावी का, यावर मतभेद असू शकतात. पण ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावरचा विनोद आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावरचा विनोद, या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येणार नाहीत. मंत्र्याला उत्तर द्यायला व्यासपीठ असतं, वकील असतात, विधिमंडळ असतं. कामरा यांच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तपास चालू ठेवा पण अटक करू नका, असंच सांगितलं. तक्रार, खटला, टीका, बहिष्कार हे सगळे मार्ग खुले आहेत. न आवडलेल्या विनोदाला न हसणं हा तर सर्वात जुना आणि सर्वात जहरी मार्ग! खुर्च्या फोडणं त्यात कुठेच बसत नाही.

आमच्या कार्यक्रमाला साठ-पासष्ट बायका आल्या. एक अंगणवाडी सेविका म्हणाली, ‘सरकारला बाळाचं वजन मोबाईलमध्ये भरून पाहिजे. पण ते ॲप उघडेपर्यंत माझा मोबाईलच कुपोषित होतो!’ धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई म्हणाली, ‘मॅडम म्हणतात, तू आमच्या घरचीच आहेस. मी म्हटलं, खरंय, घरच्या बाईला कुठे कोणी पगारी रजा देतं!’ या वाक्यावर आधी तिच्यासारख्या कामवाल्या हसल्या, मग क्षणभर शांतता आणि मग ज्यांच्या घरी त्या काम करतात त्या बायका हसल्या. कारण टोला दोघींनाही लागला होता. पगारी रजा त्यांना तरी कोण देतं? माझ्या वीस वर्षांच्या कामात एवढं मोठं भाषण मी एका वाक्यात ऐकलेलं नाही. त्या महिन्यात दोन घरांत सुट्टीचा हिशेब नव्याने ठरला, हे मला नंतर कळलं.

एकच प्रसंग अवघड आला. ती इंजिनीअरिंगची मुलगी स्थळं बघण्याच्या कार्यक्रमावर बोलत होती आणि तिसऱ्या रांगेतून एका बाईने मोबाईल वर केला. रेकॉर्डिंग करायचं नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. बंद खोलीत शंभर टक्के कळणारा विनोद व्हॉट्सॲपवर तीस सेकंदांचा तुकडा होऊन फिरला, की तो नात्यातल्या कोणत्या काकांपर्यंत कसा पोचेल याचा भरवसा नाही. मी खाली उतरले, त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, ‘ताई, तिचं लग्न जमायचंय अजून.’ मोबाईल पर्समध्ये गेला. ती मुलगी न अडखळता बोलत राहिली.

नाशिकला हे यजमानपण परकं नाही. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत आपल्या कित्येक पिढ्यांनी न पटणारी मतंही उघड्यावर बसून ऐकली आहेत. कुसुमाग्रजांच्या या गावात शब्दाला उत्तर शब्दाने द्यायची रीत आहे. ती टिकवायची तर मोठ्या घोषणांपेक्षा छोटी कामं जास्त उपयोगाची आहेत. सभागृहांनी आणि मंडळांनी घाबरून आधीच नाही म्हणू नये. आयोजकांनी बोलणाऱ्या मुलीला शेवटच्या रिक्षेपर्यंत सोबत करावी. पोलिसांनी धमकीची तक्रारही विनोदावरच्या तक्रारीइतक्याच तत्परतेने लिहून घ्यावी. आणि आपण प्रेक्षक म्हणून कोणाचं तीस सेकंदांचं बोलणं पुढे पाठवण्याआधी ते पूर्ण ऐकावं.

पुढच्या महिला दिनाला तुमच्या मंडळात सत्काराच्या यादीतलं एक नाव कमी करून त्या जागी एखादीला पाच मिनिटं माइक देऊन पाहा. ती काय बोलेल याची काळजी तिच्यावर सोडा. ती बोलून झाल्यावर तिच्या बाजूला कोण कोण उभं असेल, तेवढं मात्र आधी ठरवून ठेवा.